चूक नावाची ओळ

दोन्या एर्मिंदा काइचेओ वजन करते, मी आकडा लिहितो.
काटा थरथरत असतो तोवर ती श्वास रोखून धरते
आणि काटा थांबला की सोडते, जरा नाराजीनंच.

चिलोए बेट, मार्च संपत आलेला.
जांभळे बटाटे, नखाएवढी माती चिकटलेले.
वीस वाफे. चार खतं, प्रत्येकाला पाच वाफे:
समुद्राचं शेवाळ, मेंढ्यांची लेंडी, गोणीतली पांढरी भुकटी,
आणि चौथं म्हणजे काहीच नाही.
कुठल्या वाफ्यात काय, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं.
(तेव्हा ती हसली होती. मी कारण विचारलं नाही.)

सरासरी काढल्या.
शेवाळ एकतीस किलो, लेंडी अठ्ठावीस,
भुकटी सत्तावीस, काहीच-नाही चोवीस.
ती म्हणाली, झालं तर मग. शेवाळ जिंकलं.
माझी आजीही हेच सांगायची, तिला शाळा नव्हती.

थांबा, मी म्हटलं.
शेवाळाचे पाच वाफे बघा:
चव्वेचाळीस, अडतीस, एकतीस, चोवीस, अठरा.
एका हाताची पाच बोटं सारखी नसतात हे मान्य,
पण अंगठा आणि करंगळी यांच्यातच इतकं अंतर असेल
तर चार हात शेजारी ठेवून
कुठला मोठा, हे कसं सांगायचं?

मग मी तिला ते गणित दाखवलं,
चुलीजवळ, पिठाचा हात लागलेल्या कागदावर.
गटांच्या सरासरी एकमेकींपासून किती लांब, ते वर.
गटाच्या पोटातली माणसं आपल्याच सरासरीपासून
किती लांब, ते खाली.
भागायचं.
वरचं खालच्याहून बरंच मोठं निघालं
तरच बोलायचं, नाहीतर तोंड मिटायचं.

उत्तर आलं शून्य पूर्णांक चार.
खालचं वरच्याच्या अडीचपट.
शहरात माझे सर याला म्हणतात, काही आढळलं नाही.

ती तक्त्यावर बोट ठेवून विचारते,
ही खालची ओळ. हिचं नाव काय?
चूक, मी म्हणालो. पुस्तकात तेच नाव आहे.

कोणाची चूक?

मी गप्प.

माझी नाही, ती म्हणाली. मी नीट पेरलंय.
बटाट्याची नाही, तो जिथं टाकलात तिथं वाढला.
अहो, वरचा उतार वाऱ्यावर सुकतो,
खालच्या टोकाला पाणी साचतं, ओलीत वेल पिवळा पडतो,
मधली पट्टी म्हणजे लोणी.
तुमच्या चिठ्ठ्यांना हे कुणी सांगितलं होतं?
मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.
तुम्ही हसण्याचं कारणसुद्धा विचारलं नाहीत.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही उतार पाच पट्ट्यांत कापला,
वरून खाली, तिनंच पाय टाकत आखला.
प्रत्येक पट्टीत चारही खतं. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या,
पण पट्टीच्या आत.
भुकटीनं कुरकुर केली नाही, लेंडीनंही नाही.

त्या वर्षी तक्त्यात एक नवी ओळ आली: उतार.
चुकीतलं बरंचसं उठून तिकडे जाऊन बसलं,
खरं तर ते चूक कधी नव्हतंच,
आम्हीच त्याला नाव दिलं नव्हतं.
सरासऱ्या जवळपास गेल्या वर्षीच्याच.
भागाकार आला सात.

मी ओरडलो. तिचा कुत्रा भुंकला.
ती मात्र पुन्हा तीच खालची ओळ बघत होती,
आता बारकी झालेली, पण होती.
अजून इतकं उरलंय, म्हणाली. हे कोण?

माहीत नाही.
असेल काहीतरी, कंद लहान-मोठे, कुदळीचा फटका,
वजन करताना उडालेला वारा.

चौदा नंबरचा वाफा, ती म्हणाली,
तिथं दुपारी कुत्रा झोपतो. माती दबलीय.
लिहून घ्या.

मी लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात टाकायचं, ते अजून ठरलेलं नाही.